हाताला कळणारा उशीर

“माझा हात मंद झालाय,” ती म्हणाली आणि कानांवरचा हेडफोन काढून तिनं टेबलावर ठेवला. हेडफोनमधून तिच्या टोळीतल्या लोकांचे आवाज अजून येत होते, बारीक, डब्यात कोंडल्यासारखे. कोणीतरी तिला हाका मारत होतं, सुई, अगं सुई, कुठं गेलीस? तिनं उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, बोटं पसरली, मिटली, परत पसरली. मागे सोफ्यावर तो शब्दकोडं सोडवत बसला होता. एक उभा शब्द अडला होता आणि पेन्सिलीचं टोक दातांत होतं. त्यानं मान वर केली आणि अशा वेळी नवरे जे म्हणतात तेच म्हटलं, “काहीतरीच काय!” तिचा हात मंद झालेला नाही हे साऱ्या जगात फक्त एका माणसाला नक्की माहीत होतं, आणि तो माणूस पायावर पाय टाकून शब्दकोडं सोडवत होता.

“काहीतरीच नाही रे,” ती म्हणाली. “मी बघते, मी दाबते, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो. आज चौथ्यांदा माझ्यामुळे हरलो. कोणी बोलत नाहीत बिचारे. पण कळतं ना.” तिनं खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गच्चीवरचे कपडे काढत होतं, संध्याकाळ उतरायला लागली होती. “आणि मशीन तर नवीन,” ती पाठमोरीच म्हणाली. “जुन्यावर कधी असं झालं नाही. म्हणजे मीच ना?” यावर त्यानं बोलायला हवं होतं. वाक्य छोटं होतं, तोंडाशीही आलं होतं. त्यानं पेन्सिल कानावर खोचली आणि विचारलं, “चहा टाकू?”

आता हा माणूस काही कपटी वगैरे नव्हता. वजनमापांच्या खात्यात त्याची नोकरी गेली कित्येक वर्षं बिनबोभाट चालली होती. दुकानदारांचे तराजू, पेट्रोलपंपाची मापं, सोनाराचे काटे तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे काम. या कामात एक गोष्ट तो पक्की शिकला होता: खोटं वजन ठेवणारा दुकानदार अडाणी. हुशार माणूस वजन खरंच ठेवतो. शिक्का मारलेलं, चकचकीत पुसलेलं, तपासून घ्या म्हणून स्वतःच पुढं करतो, आणि फसवतो ते दुसरीकडेच. तराजूचा पाट किंचित कलता ठेवून, पारड्याखाली चिंचोक्याएवढं मेण लावून, गिऱ्हाइकाशी गोड बोलता बोलता करंगळी टेकवून. तो अशांना बरोबर पकडायचा. खात्यात त्याचं नाव होतं, याच्यासमोर करंगळी टेकवू नका म्हणून नवे लोक आपसांत हसायचे. घरी येऊन तो तिला या गोष्टी रंगवून सांगायचा आणि ती म्हणायची, “तुला बरं कळतं रे चोरांच्या मनातलं!” तेव्हा तो खूश व्हायचा.

तिची नोकरी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये. रक्त काढायचं काम तिचं. तिचा हात असा हलका की लहान मुलं रडायचं विसरून बघत राहायची आणि ज्यांच्या शिरा सापडत नाहीत अशी म्हातारी माणसं दारातूनच विचारायची, त्या बाई आहेत का आज? त्या नसतील तर उद्या येतो. लॅबच्या मालकीण, ज्यांना सगळे डॉक्टरबाई म्हणत, स्वतःचं रक्तसुद्धा तिच्याशिवाय कुणाला काढू देत नसत. तिच्या या हाताचं त्याला कौतुक होतं, म्हणजे असायला हवं तेवढं होतं. तिला काय आवडतं, कंटाळा कशाचा येतो, हे त्यानं आपल्याला ठाऊक आहे असं धरूनच संसार केला होता, आणि तो तसा बराच चालला होता. मग मुलगी शिकायला परगावी गेली आणि जाताना घरातल्या कॉम्प्युटरवर आपला एक गेम तसाच ठेवून गेली. जागा मोकळी करायची म्हणून ही तो काढून टाकायला बसली, आणि काढायच्या आधी बघू तरी काय आहे म्हणून एकदा खेळली. झालं! त्या दिवसापासून लॅबमधून आली, हातपाय धुतले, चहा झाला की बाईसाहेब किल्ला लढवायला हजर. पाच जणांची टोळी. त्यातल्या कुणाचं खरं नाव कुणाला माहीत नाही, एक ‘मास्तर’, एक ‘डबा’, एक ‘बेडूक’, एक अगदीच तरणी पोर ‘चिमणी’. आणि ही, रक्त काढते म्हणून सांगितल्यावर त्यांनी ठेवलेलं नाव, ‘सुई’.

हे नाव त्याला तिनं सांगितलं नव्हतं. ते त्यानं दारातून ऐकलं होतं, हातात चहाचा कप घेऊन. तो तिच्यासाठी चहा घेऊन गेला होता आणि ती हसत होती. घरात ती हसत नव्हती असं नाही. त्याच्या विनोदांवर हसायची, मुलीच्या फोनवर हसायची. पण हे हसू निराळं होतं, पोट धरून, खुर्चीत मागे रेलून, एखादी शाळकरी मुलगी बाकावर हसते तसं. “अरे डब्या, मेलास! मागे बघ, मागे!” असं ओरडत होती. तो दारात उभा. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही, फक्त डावा हात उंचावून थांब अशी खूण केली. त्यानं कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि बाहेर आला. सुई. एवढ्या वर्षांत त्यानं तिला एखादं असं नाव का ठेवलं नाही? लग्न झालं तेव्हा एकदोन ठेवून पाहिली होती, ती टिकली नाहीत. आणि ज्यांचं तोंड हिनं कधी पाहिलं नाही त्यांनी ठेवलेलं नाव चिकटून बसलं. हेवा एखाद्या पुरुषाचा असता तर त्याला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. पण टोळीत कोण होतं? एक म्हातारा मास्तर आणि तीन पोरंटोरं. त्याला हेवा वाटत होता तो तिचा. ती तिथं जी कोणी होती तिचा. आणि तिच्याशी आपली ओळख नव्हती याचा.

असं चाललं असताना जुना कॉम्प्युटर गेला. जळकट वास आला, पंखा खरवडल्यासारखा वाजला आणि पडदा काळा पडला. आतलं सगळंच गेलं होतं, मुलीनं हट्टानं बसवून घेतलेलं, गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्डसुद्धा. ती एवढंसं तोंड करून बसली. म्हणाली, “आता?” त्यानं छाती फुगवून सांगितलं, नवा बांधून घेऊ, सुटे भाग आणून, मी बघतो. तेव्हा ती म्हणाली होती (हे शब्द त्याला आता उठताबसता ऐकू येत होते), “तुला कळतं बाबा त्यातलं, तू ठरव. फक्त माझा गेम नीट चालला पाहिजे, बास. बाकी मला काही नको.”

कळत तर त्याला होतंच. ऑफिसातली निम्मी माणसं फोन घ्यायच्या आधी त्याला विचारायची. त्यानं कामाला लागल्यासारखा अभ्यास केला. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघितले, आलेख बघितले, कुठला किती गरम होतो, कुठला किती वीज खातो ते पाहिलं. आपल्या ऐपतीत बसणारे शेवटी दोन प्रोसेसर उरले. दोघं एकाच कंपनीचे, एकाच बोर्डावर बसणारे, किमतीला जवळजवळ सारखे. मनात त्यानं त्यांना थोरला आणि धाकटा अशी नावं दिली. थोरल्याला कोर, म्हणजे आत काम करणारी डोकी, जास्त, वेग जास्त. आकडेमोड, कागदपत्रं, त्याच्या तपासण्यांचे लांबलचक तक्ते, सगळं चुटकीसरशी. पण चित्र काढायच्या कामात तो जेमतेम. म्हणजे पडदा दिसेल, सिनेमा दिसेल, पण धावत्या खेळाला धाप लागणार. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं तर प्रश्न नव्हता, पण ते बजेटमध्ये बसत नव्हतं. धाकट्याला कोर कमी, पण त्याच्या पोटातच चित्र काढणारा भाग दणकट. कार्डाशिवाय गेम चालवायचा तर धाकटाच, यात शंकेला जागाच नव्हती. ज्या ज्या माणसाचा व्हिडिओ त्यानं पाहिला त्या प्रत्येकानं हेच सांगितलं होतं.

दुकानात गेला तेव्हाही धाकटाच घ्यायचा हे त्याच्या मनात होतं. ही गोष्ट तो आता पुन्हापुन्हा स्वतःला बजावत होता, जणू तेवढ्यानं काही सुटणार होतं. दुकानदार जाडगेला, हसतमुख, बोलता बोलता स्क्रू फिरवणारा. त्यानं दोन्ही डबे काउंटरवर ठेवले. “गेम कोण खेळतं घरात?” “बायको.” “वा, वा! मग विचार कसला करताय? हा न्या.” आणि धाकटा पुढं सरकवला. इथं तो म्हणाला, “पण माझं कामही असतं.” दुकानदार हसला. “अहो साहेब, काम काय, कशावरही होतं.” वाक्य साधं होतं, खरंही होतं. पण ते त्याला लागलं. काम कशावरही होतं. म्हणजे घरातलं माझं जे काही आहे ते कशावरही भागतं, आणि तिचं हसणं तेवढं महत्त्वाचं? त्या क्षणी एक विचार आला. मोठा नव्हता, दुष्टही वाटला नाही. गेम थोडा अडखळला तर ती थोडा कमी खेळेल, एवढाच. रस्त्यात ओळखीचं कोणी दिसावं, आपण मान हलवावी आणि पुढं जावं, तशी त्यानं त्या विचाराला मान हलवली. आणि बोट थोरल्यावर ठेवलं. “हा द्या.” दुकानदारानं एकवार त्याच्याकडे पाहिलं. “कार्ड नंतर टाकणार असाल.” “हो, नंतर,” तो म्हणाला.

घरी तिनं विचारलं, “चांगला आहे ना?” त्यानं सांगितलं, “दोघांतला वेगवान हाच. कोर जास्त आहेत याला.” सगळं खरं. शिक्का मारलेलं, चकचकीत पुसलेलं. मशीन सुरू झालं आणि क्षणात पडदा उजळला तेव्हा तिनं टाळी वाजवली. ईमेलच्या खिडक्या, बँकेची पानं, सगळं चटाचट उघडत होतं, जुन्याला यातल्या एकेकासाठी घाम फुटायचा. गेमही सुरू झाला. चित्र बरं दिसावं म्हणून त्यानं स्वतः बसून बारीकसारीक जुळवाजुळव करून दिली होती. थांबत नव्हतं, तुटत नव्हतं. फक्त किंचित उशिरा येत होतं. डोळ्याला कळू नये इतका, पण हाताला कळेल इतका उशीर. डोळे म्हणणार सगळं ठीक आहे, हात म्हणणार चुकलं. तिनं डोळ्यांवर विश्वास ठेवला. आणि त्याच्यावर.

हात मंद झालाय म्हणाली त्या संध्याकाळी चहा घेऊन तो आला तेव्हा ती टेबलापाशी परत बसली नव्हती. सोफ्यावर, त्याच्या शेजारी येऊन बसली. “तुला आठवतं, आईचं कसं सुरू झालं?” तिनं विचारलं. त्याच्या हातातला कप तसाच राहिला. आठवत होतं. सासूबाईंचं सगळं इतकं हळूहळू झालं होतं. आधी ब्लाउजचं बटण लागेना. मग कपबशी वाजायला लागली, चहा देताना लांबूनच ऐकू यायचं. त्या हसून म्हणायच्या, हात ऐकत नाही मेला. मग तो हात मांडीवर पडल्या पडल्या आपला आपण हलत राहायचा, शेवटी घास तोंडापर्यंत न्यायला दुसऱ्याचा हात लागायचा, आणि तो हात हिचा असायचा. तीन वर्षं. “आईलाही आधी असंच वाटायचं,” ती म्हणाली. “मनात येतं पण हातात यायला वेळ लागतो. शब्दसुद्धा हेच होते तिचे.” तिनं कप तोंडाला लावला आणि तो अलगद बशीत ठेवला, वाजतोय का ते ऐकत. वाजला नाही. पण आपण ऐकतोय हे त्यालाही कळलं होतं म्हणून ती ओशाळवाणी हसली.

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं हे त्याला त्याही वेळी कळत होतं, बोलायची जागा कुठं कुठं होती ते आता शोधून काढायची गरज नव्हती. पण त्याच्या मनात आलं, एवढीशी गोष्ट आणि तिच्या आईचं दुखणं, यांचा एकत्र उच्चार तरी कसा करायचा? काल सांगितलं असतं तर चिडली असती, अबोला धरला असता, संपलं असतं. आज सांगायचं म्हणजे मी असं केलं आणि त्यातून तुला असं वाटलं, अशी दोन वाक्यं जोडावी लागणार होती. त्याऐवजी त्यानं दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकान गाठलं. धाकटा तिथंच मागच्या फळीवर होता. मुकाट्यानं बदलून टाकू, तिला कळायचंही नाही, असं मनाशी ठरवून तो गेला होता. दुकानदारानं ओळखलं. “काय साहेब! चालतोय ना गेम वहिनींचा?” आणि बदलून द्या म्हणायचं ते राहिलंच. “फस्क्लास,” तो म्हणाला, आणि काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर पडणं बरं दिसेना म्हणून एक माऊस घेतला. भारीतला, गेमवाल्यांचा. तिला नेऊन दिला. “कदाचित माऊसच खराब असेल,” म्हणाला. तिचा चेहरा असा फुलला की त्याला वाटलं, बदललाच जणू प्रोसेसर. त्या संध्याकाळी ती तासभर खेळली आणि मग माऊस हळूच बाजूला ठेवून म्हणाली, “चला. माऊसचाही दोष नाही. आता हातच उरला.”

यापेक्षा वाईट काम त्याला ठरवूनही जमलं नसतं. आणि बदलून टाकायचा रस्ताही आता बंद झाला होता, कारण त्यानं विचार केला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की उद्या धाकटा बसवला आणि हात अचानक चालायला लागला, तर ती काय समजेल? सासूबाईंचा हातही मध्ये मध्ये बरा व्हायचा. चार दिवस कपबशी वाजायची नाही, घरात सगळे उगाच मोठ्यानं बोलायला लागायचे, आणि पाचव्या दिवशी परत. हात बरा झाला म्हणून ती हसणार नव्हती, परत कधी बिघडतो याची वाट बघत बसणार होती. भीती काढायची तर ती बोलूनच निघणार होती. हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी तो बोलत नव्हता. माणूस इतका भित्रा कसा असू शकतो याचं त्यालाच नवल वाटायचं.

मग ती खेळेनाशी झाली. टोळीला तिनं काय सांगितलं कोण जाणे. संध्याकाळी चहा झाला की त्याच्या शेजारी येऊन बसायची, हातात एक रबरी चेंडू घेऊन, दाबायची, सोडायची. “सांग, आज काय काय तपासलंस?” विचारायची. तो सांगायचा. एका भाजीवाल्यानं पारड्याला खालून लोहचुंबक लावलं होतं ते सांगायचा. ती ऐकायची, हसायची जिथं हसायचं तिथं. हवं होतं ते हेच ना? संध्याकाळ, सोफा, शेजारी बायको, कानांवर काही नाही, लक्ष सगळं आपल्याकडे. त्याच्या पदरात सगळं मोजून पडलं होतं. आणि त्याला तिथं बसवेना. चेंडू दबताना बारीक आवाज यायचा, हवा आत ओढल्यासारखा, आणि तो बोलता बोलता शब्द विसरायचा. काहीतरी कारण काढून उठायचा, दुकानात जाऊन नको असलेल्या वस्तू आणायचा. एकदा ती म्हणाली, “मी बसते म्हणून कंटाळतोस का रे?” तेव्हा त्याला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

मेंदूच्या डॉक्टरांकडेही ते जाऊन आले. तिनंच वेळ घेतली होती. तो बरोबर गेला, बाहेरच्या खुर्च्यांवर तिची पर्स मांडीवर घेऊन बसला. पंखा फिरत होता. समोर एक गृहस्थ थरथरत्या हातानं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावायचा प्रयत्न करत होते आणि त्यांची सून ते लावून देत नव्हती, त्यांचं त्यांना जमू देत होती. आतून नाव पुकारलं तेव्हा ती उठली आणि त्याच्याकडे बघून हसली, रक्त काढायच्या आधी पेशंटकडे बघून हसत असेल तशी. दार लागलं. ते उघडून आत जायला काही लागत नव्हतं. तो पर्स धरून बसला. परत येताना म्हणाला, “बघ, काही नाही म्हणाले.” ती म्हणाली, “काही नाही असं नाही म्हणाले. आत्ता काही सांगता येत नाही म्हणाले. लक्ष ठेवा म्हणाले.” त्या दिवसाची त्याला पुढची आठवण नको वाटायची, इथवर आला की तो मन दुसरीकडे वळवायचा.

आणि मग परवा लॅबमध्ये तिचा हात चुकला. खरोखरच चुकला. नेहमीचे आजोबा, तिच्याचकडे येणारे. शीर सापडली होती, सुई गेली, आणि ऐनवेळी तिनं हाताकडे पाहिलं, थरथरतोय का म्हणून, तेवढ्यात शीर सुटली. परत टोचावं लागलं, परत सुटली. आजोबांचा हात काळानिळा झाला. ते म्हणाले, असू दे बाई, होतं असं. ती घरी येऊन न जेवता पडून राहिली.

आज सुट्टी होती. सकाळपासून ती शांत होती, जरा जास्तच. कपडे इस्त्री करता करता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “उद्या डॉक्टरबाईंना सांगणार आहे मी. सुईवरून काढा म्हणून. रिपोर्ट द्यायच्या खिडकीवर बसेन.” पांढरा कोट होता इस्त्रीला, लॅबचा. “लोकांच्या अंगात सुई खुपसायची आणि आपलाच भरवसा नाही, हे बरोबर नाही. आईनं वेळेवर शिवण सोडली नाही, बोटातून सुई आरपार गेली तेव्हा सोडली. मला तसं नाही करायचं.” ती हे इतक्या समजुतीनं बोलत होती, जणू आठवड्याचा बाजार ठरवत होती. खिडकीवर बसलेली ती त्याला दिसली. नाव काय, पैसे भरले का, उद्या या. आणि त्या बाई असतील तरच येतो म्हणणारे लोक, तिला खिडकीत बघून बुचकळ्यात पडलेले. एका हसण्याचा हेवा वाटला म्हणून.

“तुझा हात मंद नाही,” तो म्हणाला. “मशीन मंद आहे.”

“आता पुरे हं,” ती म्हणाली. “समजूत घालू नकोस. नवीन आहे ते.”

“नवीन आहे. कामाला वेगवान आहे. गेमला नाही. चित्र काढणारा भागच हलका आहे त्याचा. तू दाबतेस ते वेळेवर दाबतेस. चित्र तुझ्यापर्यंत उशिरा येतं. कुणीही खेळलं तरी असंच होईल, तुझ्या त्या चिमणीला बसव, तिचंही होईल.” एकदा सुटल्यावर त्याला थांबता येईना. “दुसरा होता. गेमला चांगला, ह्याच किमतीचा. दुकानदार तोच देत होता. मी हा घेतला.”

तिनं इस्त्री उभी ठेवली. “का?”

“तू सारखी त्यांच्यातच असायचीस,” तो म्हणाला, आणि ऐकताना त्यालाच ते किती क्षुद्र वाटलं. “वाटलं, जरा अडखळलं तर कमी खेळशील.”

तो शिव्यांची वाट बघत होता, त्या त्याला हव्या होत्या. पण तिनं यातलं अर्धंच ऐकलं होतं. “म्हणजे माझा हात बरा आहे?” तिनं विचारलं.

“हो.”

“शपथ घे.”

“तुझी शपथ. अगं, व्यवस्थित आहे तुझा हात. आजोबांचं झालं ते भीतीनं झालं.”

ती मटकन पलंगावर बसली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. त्याला ओढून शेजारी बसवलं, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “वेड्या! जळत होतास होय रे माझ्यावर? डब्यावर? अरे, तो डबा अजून आईला विचारून खेळायला येतो!” तिनं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, मग आपण इस्त्री केलेलाच कोट ओला केला हे बघून परत हसली. “बोलायचं ना. ये, तूही खेळ म्हटलं असतं. मास्तर केव्हाचा सहावा माणूस शोधतोय.” त्याच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं झालं. इतकं सोपं होतं? इतकं? त्यानं तिचा हात हातात घेतला आणि तिनं घेऊ दिला. मी उद्याच बदलून आणतो, तो म्हणाला, आणि ती हो हो म्हणाली, आणि बोटं हलवून बघत म्हणाली, “बाई गं. मला वाटलं आलं आईचं. मी तर मुलीला कसं सांगायचं ते सुद्धा ठरवून ठेवलं होतं.”

मग बोटं हलायची थांबली. काहीतरी मागे मागे मोजत गेल्यासारखे तिचे डोळे झाले, माऊसपर्यंत, त्याच्याही मागे, परत पुढं. तो बघत होता. ती कुठं पोचणार हे त्याला तिच्याआधी कळलं.

“आपण डॉक्टरकडे गेलो होतो,” ती म्हणाली.

त्यानं तिचा हात सोडला.

“तू होतास बरोबर. तेव्हा माहीत होतं तुला.”

नाही म्हणता आलं असतं. तेव्हा नीटसं लक्षात आलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं, आणि तिला ते मानायचं होतं हेही दिसत होतं. “हो,” तो म्हणाला.

“येताना रिक्षात मी रडले,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, ती फक्त आठवून सांगत होती. “सगळ्या रस्ताभर. आणि तू मला जवळ घेतलंस. रिक्षा थांबवलीस, उतरलास, पाण्याची बाटली आणलीस. मला पाणी पाजलंस.”

तिच्या डोळ्यांत परत पाणी भरून आलं होतं. सवयीनं तो पाणी आणायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात तसाच उभा राहिला.